जोयडा : रान, वाडी आणि मुलांचे शिक्षण

तालुका : कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात. पूर्वीचे मुख्य ठाणे सुपे. काळी नदीवरील धरणाच्या (1987) जलाशयात ते गाव बुडाल्याने कचेऱ्या जोयड्यास आल्या. 2011 च्या खानेसुमारीत लोकसंख्या सुमारे 52,000.

दाखला : कुणबी, सिद्दी आणि मराठी बोलणारे गवळी-धनगर हे येथील वनवासी समाज. सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी गोव्यातील कुणब्यांनाही तो प्राप्त झाला. परंतु ज्या दाखल्यावर मुलांची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील राखीव जागा अवलंबून असते, तो मिळावा ही सरहद्दीच्या अलीकडील कुणब्यांची मागणी मात्र दीर्घकाळ प्रलंबित राहिली आहे. तालुक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद हाच.

शाळा : शिक्षणहक्क कायद्याची अंमलबजावणी 1 एप्रिल 2010 पासून, वय 6 ते 14. विरळ वाड्यांतील मुलांस पुढील शिक्षणासाठी बहुधा वसतिगृहाचाच आश्रय.

आहार : अंगणवाडी (1975 पासून), शाळेतील ‘अक्षर दासोह’ भोजन, 2013 पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेचे दूध.

समाजाचा वाटा : 2001 पासून कर्नाटकात शाळेच्या विकास व देखरेख समितीत पालकांना स्थान. जोयड्याच्या कंदमेळ्यात कुणबी स्त्रिया अळूच्या कुळातील थोराड मुडली, कणगी, कोनफळ विक्रीस मांडतात. परसातील हे पीक त्यायोगे घरखर्चास रोकड मिळवून देते.

संस्था : याच जिल्ह्यातील मुंडगोडचे लोयोला विकास केंद्र सिद्दी व गवळी समाजांत कार्यरत आहे.