ताबा आणि मोबदला : संकेतस्थळांच्या खरेदी-विक्रीतील फसवणुकीचे स्वरूप

संकेतस्थळ विकत घेणारा एकाच व्यवहारात निदान चार निरनिराळ्या गोष्टींचे मोल देत असतो. इंटरनेटवरील पत्ता म्हणजे डोमेन नाव, त्या पत्त्यावर दिसणारा मजकूर व त्यामागील आज्ञावली, हे सारे साठवण्यासाठी भाड्याने घेतलेली सर्व्हरवरील जागा म्हणजे होस्टिंग, आणि वर्षानुवर्षांत जमलेला वाचकवर्ग व त्यापासून मिळणारे जाहिरातींचे उत्पन्न, अशा त्या चार गोष्टी होत. यांपैकी मजकुराची प्रत काढता येते आणि होस्टिंगही दुसरे घेता येते. परंतु डोमेन नाव एका वेळी एकाच्याच ताब्यात राहू शकते, आणि ते हातचे गेले की वाचक, शोधयंत्रातील स्थान व त्या नावावर चालणारे ईमेल हे सर्व त्याच्याबरोबर जाते. या बाजारातील फसवणुकीचा डोळा म्हणूनच एकतर रोख मोबदल्यावर असतो, नाहीतर डोमेनवर.

संकेतस्थळांचा लिलाव व विक्री करणारे स्वतंत्र बाजार आता चांगलेच रुळले आहेत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००९ मध्ये सुरू झालेला फ्लिपा हा त्यांतील सर्वपरिचित बाजार होय. अशा बाजारांत विक्रेता एका देशातील, खरेदीदार दुसऱ्या देशातील आणि डोमेनची नोंद तिसऱ्याच देशातील कंपनीकडे, अशी स्थिती नेहमीची असते. महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार करताना माणसे सात-बारा पाहतात, विसार देतात आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात समोरासमोर सह्या करतात. डोमेनच्या व्यवहारात मात्र दोन्ही पक्षांना एकाच टेबलाशी बसवणारे असे कोणतेही सरकारी कार्यालय नाही. ती उणीव व्यवहार करणाऱ्यांनाच भरून काढावी लागते, आणि ती कशी भरून काढावी हे कळण्यासाठी ताबा व मोबदला यांच्या हस्तांतरणाच्या दोन निराळ्या गती आधी समजून घ्याव्या लागतात.

डोमेनची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. विक्रेता व खरेदीदार या दोघांचीही खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील, तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काही मिनिटांत सरकवता येते. या व्यवसायातील मंडळी त्याला ‘पुश’ म्हणतात. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर डोमेनवरील कुलूप, म्हणजे ट्रान्सफर लॉक, काढून ऑथ कोड नावाचा गुप्त संकेत द्यावा लागतो, आणि त्यानंतर साधारणतः पाच दिवसांच्या आत ताबा बदलतो. पैशांची गत याहून वेगळी आहे. खात्यावर रक्कम जमा दिसली म्हणजे ती कायमची आपली झाली, असे सर्व भरणापद्धतींच्या बाबतीत म्हणता येत नाही. क्रेडिट कार्डाने झालेला भरणा कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँक परत फिरवू शकते आणि या प्रक्रियेला चार्जबॅक असे नाव आहे; पेपॅल या ऑनलाइन भरणा-सेवेवर तर भरणा केल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उपस्थित करता येतो. डोमेन मिनिटांत जाते आणि पैसा मात्र काही महिने परतीच्या वाटेवर राहू शकतो. विक्रेत्याला गाठणाऱ्या बहुतेक फसवणुकी या तफावतीतच घडतात.

त्यांची नेहमीची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. खरेदीदार फारशी घासाघीस न करता विक्रेत्याची किंमत मान्य करतो, आपल्याला घाई असल्याचे सांगतो आणि चोरलेल्या कार्डावरून किंवा दुसऱ्याच्या बळकावलेल्या पेपॅल खात्यावरून रक्कम पाठवतो. विक्रेत्याला जमेचा संदेश येतो, खाते उघडून पाहिले तर रक्कमही खरोखरच दिसते, आणि तो डोमेन पुश करतो. काही आठवड्यांनी मूळ कार्डधारक आपले विवरणपत्र पाहून तक्रार करतो, भरणा उलटतो आणि विक्रेत्याच्या खात्यातील शिल्लक ऋण होते. तोपर्यंत डोमेन दुसऱ्या हाती गेलेले असते. विक्रेत्याने येथे खाते तपासण्याची काळजी घेतली होती हे लक्षात घेतले पाहिजे. त्याची चूक एवढीच, की जमा झालेली रक्कम आणि परत न फिरणारी रक्कम या दोहोंतील फरक त्याने ओळखला नाही.

भारतातील देवाणघेवाणीत पेपॅलची जागा यूपीआय व बँक हस्तांतरणाने घेतली आहे. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत भरणा-सेवा बंद केली आणि आता येथे पेपॅलचा उपयोग परदेशी व्यवहारांपुरताच उरला आहे. यूपीआयमध्ये चार्जबॅकचा धोका कार्डाइतका नसला, तरी दुसरे दोन धोके आहेत. पहिला सर्वपरिचित आहे : जमा झाल्याचा बनावट एसएमएस किंवा स्क्रीनशॉट पाठवणे, अथवा पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाका असे सांगणे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तर हा डाव साधत नाही. दुसरा धोका मात्र पुष्कळ प्रामाणिक विक्रेत्यांना ठाऊक नसतो. खरेदीदाराने भलत्याच माणसाला फसवून मिळवलेली रक्कम सरळ विक्रेत्याच्या खात्यावर वळवली, तर पुढे पोलीस तपासात पैशांचा माग काढत त्या खात्यापर्यंत पोहोचतात आणि बँक ती रक्कम, कधी कधी सबंध खातेच, गोठवते. विक्रेत्याने डोमेनही गमावलेले असते आणि स्वतः निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच येतो. ज्याच्याशी करार झाला त्याच्याच नावाच्या खात्यातून रक्कम आली पाहिजे, मित्राच्या, भावाच्या किंवा ‘आमच्या ऑफिसच्या’ खात्यातून आलेली चालणार नाही, ही अट घालण्यास विक्रेत्याने जराही संकोच करू नये.

ताबा व मोबदला यांतील तफावतीवरचा रूढ उपाय म्हणजे एस्क्रो. दोन्ही पक्षांना मान्य असलेला तिसरा पक्ष खरेदीदाराची रक्कम आपल्याकडे ठेवून घेतो, डोमेनचा ताबा खरेदीदाराला मिळाल्याची खात्री झाल्यावरच ती विक्रेत्याला देतो आणि या कामाचे शुल्क घेतो. एस्क्रो डॉट कॉम ही या क्षेत्रातील जुनी कंपनी १९९९ मध्ये स्थापन झाली आणि २०१५ मध्ये ती ऑस्ट्रेलियातील फ्रीलान्सर कंपनीच्या मालकीची झाली. या पद्धतीतील क्रम महत्त्वाचा आहे. आधी रक्कम एस्क्रोकडे पोहोचते, एस्क्रो तिची खातरजमा करून विक्रेत्याला तसे कळवतो, त्यानंतर डोमेन हस्तांतरित होते, खरेदीदार पाहणी करून स्वीकृती देतो आणि मग रक्कम मोकळी होते. यांतील एकही पायरी ‘वेळ वाचवण्यासाठी’ पुढेमागे केली, तर एस्क्रो असून नसल्यासारखा होतो.

एस्क्रोवरील हाच विश्वास ठकसेनांनी आपले हत्यार बनवला आहे. खरेदीदार एस्क्रोचा आग्रह स्वतःच धरतो, त्यामुळे विक्रेता निर्धास्त होतो; मग खरेदीदार एका एस्क्रो सेवेचा दुवा पाठवतो, आणि ती सेवा त्यानेच उभी केलेली असते. नाव खऱ्या कंपनीसारखे असते, पत्त्यात एखादी आडवी रेघ जास्त असते किंवा शेवटी डॉट कॉमऐवजी निराळे टोक असते, आणि ‘रक्कम सुरक्षित जमा झाली आहे, आता डोमेन हस्तांतरित करावे’ असा नीटनेटका ईमेल येतो. यावर उपाय साधा आहे, पण तो न चुकता पाळावा लागतो : एस्क्रोचा पत्ता समोरच्याने पाठवलेल्या दुव्यावरून उघडू नये, तो स्वतः टंकित करावा, आणि रक्कम जमा झाल्याची खात्री ईमेलवरून न करता त्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात शिरून करावी. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ च्या मुदतीने बँक डॉट इन या राखीव टोकाखाली आणली गेली, त्यामुळे बँकेचे खरे स्थळ ओळखणे सोपे झाले; एस्क्रो सेवांसाठी अशी एकच खूणगाठ नाही. व्यवहाराच्या मध्यावर ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आल्यास, तो ओळखीच्या पत्त्यावरून आलेला असला तरी, आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. मूल्यांकनाचा डावही याच जातीचा आहे : मोठी किंमत देऊ करणारा खरेदीदार विशिष्ट संस्थेचे मूल्यांकन प्रमाणपत्र मागतो, विक्रेता त्याचे शुल्क भरतो आणि खरेदीदार नाहीसा होतो, कारण ते शुल्क हेच त्याचे लक्ष्य असते.

खरेदीदाराच्या बाजूचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण विक्रेत्याकडे डोमेनचा ताबा असणे आणि त्याची मालकी असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पर्ल या संगणकभाषेचे परिचित संकेतस्थळ असलेल्या पर्ल डॉट कॉमचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. नव्वदच्या दशकारंभापासून एकाच व्यक्तीच्या नावावर असलेले हे डोमेन जानेवारी २०२१ अखेर अचानक भलत्याच सर्व्हरकडे वळले. मागोवा घेतल्यावर असे अनुमान निघाले, की खात्याचा ताबा सप्टेंबर २०२० मध्येच घेतला गेला असावा. त्यानंतर चोरांनी काहीही हालचाल केली नाही, कारण नोंदणीदाराच्या तपशिलात बदल झाल्यावर डोमेन ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येऊ नये असा नियम आहे. डिसेंबरमध्ये ते एका चिनी रजिस्ट्रारकडे आणि जानेवारीत एका जर्मन रजिस्ट्रारकडे गेले. लगोलग ते एका बाजारात १,९०,००० डॉलरला विक्रीस लागले. फेब्रुवारीच्या आरंभी ते मूळ मालकाला परत मिळाले. त्या काही दिवसांत कोणी ते विकत घेतले असते, तर विक्रेत्याने ताब्याचा हवा तो पुरावा दिला असता. डोमेनच्या नोंदीत सांगितलेला शब्द जोडून दाखवणे, म्हणजे टीएक्सटी रेकॉर्ड टाकून दाखवणे, ही ताबा तपासण्याची उत्तम रीत आहे. पण ती चोरालाही जमते.

मालकीचा इतिहास म्हणूनच वेगळा तपासावा लागतो. डोमेनची सार्वजनिक नोंद पूर्वी हूइज पद्धतीने पाहत असत. डॉट कॉमसारख्या टोकांसाठी जानेवारी २०२५ पासून तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. युरोपीय संघाचा विदासंरक्षण कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून नोंदणीदाराचे नाव बहुधा झाकलेले असते, तरी प्रथम नोंदणीची तारीख, सध्याचा रजिस्ट्रार आणि अलीकडील बदलाची तारीख दिसतेच. पंचवीस वर्षे जुने डोमेन दोन महिन्यांपूर्वी दूरदेशीच्या रजिस्ट्रारकडे गेले असेल आणि आता बाजारभावाहून स्वस्त मिळत असेल, तर खरेदीदाराने थांबून जुन्या मालकाशी स्वतंत्रपणे संपर्क साधावा. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पत्त्यावरील जुनी पाने पाहता येतात, आणि संपर्काचा मूळ पत्ता बहुधा तेथेच सापडतो.

उत्पन्नाचे दाखले तर डोळे मिटून स्वीकारूच नयेत. कोणत्याही ब्राउझरमध्ये असलेल्या साध्या साधनाने पडद्यावरील आकडा बदलून त्याचा स्क्रीनशॉट काढता येतो, आणि या कामाला संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. विक्रेत्याने वाचकसंख्येच्या व शोधयंत्राच्या आकडेवारीवर केवळ पाहण्यापुरता प्रवेश द्यावा, किंवा दूरस्थ भेटीत खाते उघडून पान नव्याने लोड करून दाखवावे, आणि निदान वर्षभराचे उत्पन्न बँकेत जमा झालेल्या रकमांशी जुळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. गूगलचे ॲडसेन्स खाते हस्तांतरणीय नसते, ही बाबही नवख्या खरेदीदारांना ठाऊक नसते. पानांवरील जुना जाहिरात-संकेत काढून स्वतःचा बसवीपर्यंत उत्पन्न पूर्वीच्या मालकाकडेच जात राहते. ताबा मिळताच प्रशासकांची जुनी खाती व परवलीचे शब्द बदलले नाहीत, तर विकलेल्या घराची दुसरी किल्ली विक्रेत्याकडेच राहते.

कायद्याचा आधार आहे, परंतु तो सावकाश पोहोचतो. अमेरिकेतील सेक्स डॉट कॉम हे डोमेन गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये नोंदवले होते. १९९५ मध्ये स्टीफन कोहेन याने रजिस्ट्रार कंपनीला एक बनावट पत्र पाठवून ते बळकावले, आणि कंपनीने क्रेमेन यांना साधे विचारलेही नाही. न्यायालयाने २००० मध्ये डोमेन परत करण्याचा आदेश दिला व पुढे ६.५ कोटी डॉलरचा निवाडा केला, पण कोहेनने पैसा परदेशी हलवून मेक्सिकोत पळ काढला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ता असल्याचा निर्णय दिला आणि रजिस्ट्रारचे उत्तरदायित्व मानण्याची वाट मोकळी केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे म्हटले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकेकडून भरपाई मिळण्याबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातील संरक्षण ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून ठकाला पाठवलेली रक्कम त्यात बसत नाही. अशा रकमेची आशा तिचा प्रवास वाटेत अडवण्यावरच असते, आणि ती खात्यांमागून खात्यांत फार वेगाने पुढे सरकते. फसवणुकीची शंका येताच समोरच्याशी वाद घालत बसू नये. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहार क्रमांकासह तक्रार त्याच तासाला नोंदवावी, आणि डोमेन गेले असल्यास रजिस्ट्रारलाही त्याच दिवशी लेखी कळवून ते पुढे हलवू न देण्याची मागणी करावी.