परागकण केवढा?

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जास्वंदीचा परागकण पाहिला, त्याचे छायाचित्रही घेतले. परंतु तो प्रत्यक्षात केवढा आहे, असे कोणी विचारले म्हणजे आपण निरुत्तर होतो. 'शंभरपट मोठा दिसतो' हे काही उत्तर नव्हे. तेच चित्र फोनवर बोटभर दिसते आणि भिंतीवरील पडद्यावर हातभर! सतराव्या शतकातील डच संशोधक लेव्हेनहूक याने सूक्ष्म जीवांची तुलना वाळूच्या कणाशी करून ही अडचण निभावून नेली होती. आज आपणांजवळ संगणक आहे खरा. पण त्यालाही आधी वाळूचा कण दाखवावाच लागतो.

तो कण म्हणजे मायक्रोमीटरची काचपट्टी. तिच्यावर एक मिलिमीटर लांबीचे १०० समान भाग कोरलेले असतात; प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरांचा. प्रथम या पट्टीचे छायाचित्र घ्यावे आणि मग, भिंग न बदलता, परागकणाचे. पट्टीचे १००० मायक्रोमीटर चित्रात १२५० पिक्सेलांत मावले, तर एक पिक्सेल ०.८ मायक्रोमीटरचा झाला. परागकण १८० पिक्सेल भरला, की त्याचा व्यास १४४ मायक्रोमीटर.

हे गणित करणारे सॉफ्टवेअर निवडताना महागड्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी तयार केलेले 'इमेजजे' विनामूल्य मिळते आणि शाळेतील साध्या संगणकावरही चालते. त्यात ज्ञात अंतरावर रेघ ओढून प्रमाण एकदा ठरवून दिले, की पुढील मापांचा तक्ता आपोआप तयार होतो. 'फिजी' हा त्याचाच अधिक साधनांनी सजविलेला अवतार; नावाचा त्या बेटांशी काही संबंध नाही. 'सेलप्रोफायलर' हजारो चित्रांतील पेशी एका दमात मोजते, पण दहा परागकणांसाठी तो खटाटोप कशाला?

आम्ही पडलो कलाशाखेचे. ठेच लागल्यावरच आम्हांस शहाणपण आले. दुसऱ्या एका झाडाच्या परागकणांची चित्रे आम्ही फोनवरून मागविली आणि जुन्याच प्रमाणाने मोजली. व्यास भरला ७२ मायक्रोमीटर! झाड निराळ्या जातीचे असावे, असा निष्कर्षही आम्ही काढून बसलो. पुढे कळले, की पाठविताना फोनने चित्राची रुंदी निम्मी केली होती. झाड बिचारे निर्दोष होते. तेव्हापासून आम्ही मूळ चित्रच मागवितो आणि त्याची रुंदी किती पिक्सेल आहे ते आधी पाहतो.

एक प्रश्न मात्र कोणतेही सॉफ्टवेअर आपणहून सोडवीत नाही. जास्वंदीच्या परागकणास काटे असतात. मग त्याची कड कोठे मानावयाची, काट्यांच्या टोकाशी की बुडाशी? आम्ही काटे वगळून मोजतो आणि वहीत मापाशेजारी तसे लिहून ठेवतो.