विहिरीवरील विजेची तपासणी : मोजयंत्र कोणते घ्यावे ?

ऐन पाणीपाळीच्या वेळी मोटार जळाली म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी होते. मोटार भरून आणण्याचा खर्च तर होतोच, शिवाय कांदा किंवा गहू पाण्यावाचून तसाच उभा राहतो. अशा वेळी दोष बहुधा मोटारीच्या माथी मारला जातो. वस्तुतः विजेचा दाब आधी तपासला पाहिजे, व त्यासाठी भारी किमतीचे यंत्र लागतेच असे नाही.

स्टार्टरच्या पेटीवरील व्होल्टमीटर बहुधा दोनच फेजांमधील दाब दाखवितो. तेवढ्यावर विसंबू नये. तिन्ही जोड्यांचा दाब दाखविणारा निवडक स्विच बसवून घ्यावा, आणि तार न तोडता प्रवाह मोजणारा एक चिमटा-मीटर गावात तिघाचौघांनी मिळून घ्यावा. ही मोजणी जाणत्या वायरमनकडूनच, मोटार चालू असताना करवावी.

समजा, ४१५ व्होल्टच्या मोटारीवर ४१०, ४०० व ३७५ व्होल्ट असे आकडे मिळाले. सरासरी ३९५ येते. तिच्यापासून सर्वांत मोठा फरक २० व्होल्टचा, म्हणजे असमतोल सुमारे ५ टक्के. सरासरी पाहून समाधान मानणारा येथेच फसतो. एवढ्या असमतोलाने मोटारीच्या गुंडाळीची तापमानवाढ अदमासे दीडपट होते, आणि प्रवाहातील असमतोल तर दाबातील असमतोलाच्या कितीतरी पट असतो.

मोटार चालू असताना मीटरपाशी दाब ठीक, पण स्टार्टरपाशी बराच कमी भरला, तर दोष आपल्याच बारीक वा लांब केबलचा समजावा. मीटरपाशीच कमी असेल तर दिनांक व वेळ घालून आकडे वहीत टिपावेत व वीज कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. मोघम तक्रारीपेक्षा अशा आकड्यांची दखल लवकर घेतली जाते.

बिघाड केवळ रात्रीच्या पुरवठ्यात होत असेल, तरच नोंद ठेवणारे यंत्र भाड्याने आणावे. ते तिन्ही दाब व तिन्ही प्रवाह वेळेसह नोंदविणारे, आणि वीज गेली तरी नोंदी जपणारे असावे. सौरपंपाच्या कंट्रोलरमधून मोटारीकडे जाणारी वीज साध्या मीटरवर चुकीची दिसू शकते. तेथे ‘ट्रू आरएमएस’ असे लिहिलेला मीटर घ्यावा.

मीटर दोष दाखवितो, मोटार थांबवीत नाही. एक फेज जाताच मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर स्टार्टरवर नसेल, तर कोणत्याही मीटरच्या आधी तो बसवावा.