रंधा मारण्याआधी

जुनं मेज, खुर्ची किंवा पेटारा ओळखायचा असेल, तर आधी तो उलटा करावा. दर्शनी बाजू प्रत्येक पिढी आपापल्या आवडीने सजवते. तळाला, पाठीला आणि खणाच्या आतल्या बाजूला मात्र सहसा कुणी हात लावत नाही, म्हणून वयाचा पुरावा तिथेच टिकतो. वाड्यातल्या वस्तू पाहायला मी जातो तेव्हा यजमान चहा ठेवतात आणि मी बॅटरी घेऊन जमिनीवर आडवा होतो.

या छंदाला ओझरसारखं गाव नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने एकीकडे पंचवटीतले आणि सराफ बाजाराच्या बाजूचे वाडे, दुसरीकडे पिंपळगावच्या पुढे चांदवड. भोवती निफाड तालुक्यातली जुनी माळवदं, आणि नाशिकरोड ओलांडलं की देवळाली कॅम्पातले पारशी बंगले. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला, टाउनशिप उभी राहिली. पुढे आसपासच्या जुन्या घरांतही प्लायवूड आणि सनमायका शिरला आणि सागवानी फडताळं गोठ्यात गेली. त्या गोठ्यांतच मला सर्वांत चांगल्या वस्तू दिसल्या.

थोडा इतिहास सांगायला हवा. मराठी घरात गादी-लोड, पाट, चौरंग, झोपाळा आणि पेटारा एवढ्यावर बहुतेक भागत असे. खुर्ची-टेबलाची सवय गोव्यात पोर्तुगीजांमुळे आणि मुंबईत इंग्रजांमुळे रुजली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचं दाट कोरीव फर्निचर होऊ लागलं. बाहेर त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणत. १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि ब्रह्मी सागाचा व्यापार वाढला. १९२३ पासून गोदरेजची पोलादी कपाटं आली आणि लाकडी कपाटाचा मान उतरू लागला. इतिहास एवढा पुरे.

लाकूड आधी हाताने ओळखावं. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो, शिसव साडेआठशेच्या आसपास. सारख्या मापाच्या दोन खुर्च्या उचलल्या की फरक लगेच कळतो. सागाला तेलकट स्पर्श असतो, ताज्या कापाला कातड्यासारखा वास येतो आणि आडव्या छेदावर वर्षवलयं स्पष्ट दिसतात. शिसवीच्या तपकिरी अंगात जांभळट-काळे पट्टे असतात. देव्हारा किंवा पाट असेल तर शिवण किंवा फणसही निघू शकतो. काळं पॉलिश दिसलं की शिसव समजू नये. काळ्या रंगाखाली साग मी अनेकदा पाहिला आहे.

मग हत्यारांच्या खुणा पाहाव्यात. दोन आरकसांनी ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ असतात, पण कमी-जास्त अंतरावर पडतात. गोल पात्याच्या यंत्राने कापलेल्या फळीवर कमानीसारखे वळसे उमटतात. हाताने मारलेल्या रंध्याचे उथळ चर तळाला बोटांना जाणवतात. स्क्रू काढून बघा: बोथट टोकाचा आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली असेल, तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा. टोकदार स्क्रू त्यानंतर रूढ झाले आणि अधिक चिन्हाच्या खाचेचे तर १९३० नंतर. मात्र स्क्रू दुरुस्तीतही बदलतात, म्हणून एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नये. त्याहून भरवशाची साक्ष लाकूड स्वतः देतं. ते वर्षानुवर्षं रेषेच्या आडव्या दिशेने आकसतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे जुन्या गोल मेजाचा व्यास दोन्ही दिशांनी मोजला तर तो किंचित लंबगोल निघतो. हे खोटं करणं फार कठीण.

कधी वस्तू स्वतःच बोलते. खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड ही आमच्याकडची स्टेशनं जी.आय.पी. रेल्वेच्या मार्गावरची. या रेल्वेचं ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत रूपांतर झालं. बाकावर किंवा खुर्चीवर जी.आय.पी.चा अस्सल छाप असेल, तर ती वस्तू त्याआधीची. असा छाप मिळाला की मला संध्याकाळभर दुसरं काही सुचत नाही.

पण माझा खरा जीव अडकलाय तो बैठ्या डेस्कांत. सावकार, कुलकर्णी, पेढीवरचे मुनीम गादीवर बसून मांडीपुढे घेत ते उतरत्या झाकणाचं डेस्क. बाहेरून साधा सागवानी डबा. आत दौत-टाकाची खोबण, शिक्क्याचा कप्पा, नाण्यांचे खण. कोपरे पाहा: फळ्या एकमेकींत दातऱ्यांनी गुंतवलेल्या असतात, हाताने कापलेल्या दातऱ्या थोड्या असमान असतात आणि त्यांच्या कडेला आखणीची बारीक रेघ अजून दिसते. यंत्राने कापलेल्या दातऱ्या एकसारख्या निघतात. सांध्यांत खिळ्याऐवजी बांबूची मेख असेल, तर कारागिराला नमस्कार करावा.

डेस्क मिळालं की मी पहिल्यांदा पट्टी काढतो. बाहेरून खोली किती, आतून किती, खण पूर्ण बाहेर काढल्यावर त्याची लांबी किती? हिशोब जुळला नाही तर मागे चोरकप्पा आहे. कुठे दौतीची खोबण उचलली की तिच्याखालची पट्टी सरकते, कुठे एक खण शेजारच्यापेक्षा आखूड असतो आणि त्याच्या पाठीमागे हात घालावा लागतो. चांदोरीकडच्या एका घरात असा कप्पा यजमानांच्या देखत उघडला. आत मोडी लिपीतली घडी घातलेली चिठ्ठी आणि सुपारीचा तुकडा होता. घरातल्या आजींनी ती चिठ्ठी देवापुढे ठेवली.

आणि शाईचे डाग! काजळी आणि डिंकाची शाई लाकडावर वरवर बसते, ओल्या फडक्याने निघून जाते. हिराकसाची शाई लाकडात उतरते आणि काळी राहते. म्हणजे डेस्कवरचे डाग ही तिथे झालेल्या लिखाणाची नोंदच. झाकणाच्या आत चिकटवलेले कागद, पंचांगाची पानं, कुणी कोरलेली आकडेमोड, हे सगळं वस्तूचं वय आणि घराणं सांगतं. पॉलिशवाला येतो, सँडर फिरवतो आणि अर्ध्या तासात सारं पुसून टाकतो. मला याचं दुःख होतं आणि ते मी लपवत नाही.

म्हणून रंधा मारावा की नाही, हा प्रश्न आधी स्पिरिटच्या थेंबाला विचारावा. पायाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाने एक थेंब लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. लाखेची मोठी थोरवी अशी, की ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. शंभर वर्षांची फिकी, तडकलेली झिलईसुद्धा खरवडल्याशिवाय पुन्हा जिवंत करता येते. गरम पेल्याचा पांढरा डाग बहुधा झिलईत अडकलेल्या दमटपणाचा असतो. स्पिरिटने जेमतेम ओलावलेलं फडकं हलकेच फिरवलं की तो बऱ्याचदा जातो. लिटरभर स्पिरिटमध्ये साधारण दीडशे ग्रॅम चपडा, सुती कापडात कापसाचा बोळा आणि हाताला संयम, एवढंच लागतं. हे काम पावसाळ्यात करू नये, दमट हवेत झिलई पांढरी पडते. दिवाळीनंतरची आमच्याकडची कोरडी हवा त्याला उत्तम.

पीयू आणि मेलामाइनबद्दल माझं मत कडवट आहे. ते पाण्याला दाद देत नाहीत हे खरं, पण उद्या ते काढायचे तर लाकूडच खरवडावं लागतं. रोज जेवायच्या टेबलाला जरूर लावा. शिसवी पलंगाला नको.

तेलरंगाचे थर असतील तर आधी तळहाताएवढी जागा उघडून बघावी. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून असा रंग कोरडा घासू नये, ओला करून पातीने काढावा, आणि तेव्हा मुलांना दूर ठेवावं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवण्याला साफ नकार द्या. साग काळा पडतो, सांधे सुटतात.

माझा निवाडा असा: जुनी झिलई निम्म्याहून अधिक शाबूत असेल तर फक्त धूळ आणि मळ काढा, वर थोडं मेण लावा आणि थांबा. पाय मोडला असेल तर सांधा, पण जुना तुकडा फेकू नका. स्वातंत्र्यानंतरचं साधं सागवानी कपाट असेल आणि ते रोज वापरायचं असेल, तर निर्धास्त नवं पॉलिश करा. १९३० नंतरच्या मुंबईच्या आर्ट डेको फर्निचरवर मात्र सँडर चालवू नका; वरचं शिसवी किंवा सागाचं पातळ अस्तर एका फटक्यात फाटतं.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना. जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात किंवा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वाशांपासून केलेलं नवं फर्निचरही मिळतं. लाकूड खरंच जुनं असतं, वस्तू नसते. भलत्याच जागी बुजवलेली खिळ्यांची भोकं आणि त्यांच्याभोवती लोखंडाने पडलेला काळा डाग शोधा. खऱ्या खुर्चीची झीज हात टेकतो तिथे आणि पाय ठेवतो त्या आडव्या दांडीवर असते. आणि परदेशातल्या मुलांना पाठवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

चांदवडच्या रंगमहालातले अहिल्याबाईंच्या काळचे कोरीव खांब आणि नाशिकच्या सरकारवाड्याचं सागकाम पाहून या. ते जागेवर आहेत म्हणून त्यांचा काळ आणि घर आपल्याला माहीत आहे. वाड्यातून बाहेर काढलेली वस्तू हे सगळं एका दिवसात गमावते. तेव्हा यंदा दिवाळीच्या सफाईत घरातली जुनी वस्तू हलवाल, तर एवढं करा: हलवण्याआधी ती होती तिथेच तिचा फोटो घ्या. कुठल्या वाड्यातली, कोणत्या खोलीतली, कुणी वापरलेली हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटात घालून वस्तूच्या तळाला बांधून ठेवा.