मारुतीच्या पारावरची उगवण

मारुतीच्या देवळासमोरची जागा सकाळीच झाडून, सडा घालून ठेवलेली आहे, आणि सहा मुली उकिडव्या बसून जमिनीवर रांगोळीनं गाव काढताहेत. पांढऱ्या रेघा म्हणजे रस्ते, निळी रेघ म्हणजे मुळेच्या कालव्याची चारी. शाळा, दूध डेअरी, सोसायटी, पाण्याची टाकी. गळ्यात ओळखपत्रं, डोक्याला टोप्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या कृषिकन्या. मुलं आली की त्यांना कृषिदूत म्हणतात. बी.एस्सी. कृषीचं सातवं सत्र लागलं की पोरांनी गावात जाऊन शेतकऱ्यांत राहायचं, असा इथला शिरस्ता आहे. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे येतात. त्यामुळं एकीच्या तोंडात अहिराणीचा हेल आहे, दुसरी ‘काय करालाय’ म्हणते, आणि पारावरची मंडळी दोघींच्या बोलण्याची गंमत घेत बसलीत.

“आमची वस्ती कुठंय?” सायकलवरून आलेला एक तरुण विचारतो.

मुली नकाशाकडं बघतात. चारीच्या पलीकडं कोरी जमीन आहे.

“पंचवीस घरं हायेत तिथं. का आम्ही गावात नाही?”

हशा होतो, पण तो हसत नाही. मग एकजण त्यालाच रांगोळीचं भांडं देते. तो सायकल लावतो, गुडघ्यावर बसतो आणि घरं काढू लागतो. हातपंप आणि ओढ्यावरचा फुटका पूलही. पावसाळ्यात पोरं शाळेला कुठून वळसा घालून येतात तेही बोटानं ओढून दाखवतो. मुली ते वहीत उतरवून घेतात. आता नकाशा वाकडातिकडा झालाय. मला तो आता खरा वाटतो.

तेवढ्यात एक आजी गोणपाटाच्या तीन ओल्या गुंडाळ्या आणून पारावर ठेवतात. मुलींनीच सांगितलं होतं: घरच्या सोयाबीनचे शंभर-शंभर दाणे मोजून गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं. आज सोडायच्या. बी ‘फुले संगम’चं, मागच्या खरिपातलं. हा वाण विद्यापीठाच्या कसबे डिग्रज इथल्या केंद्रातून आला, सांगलीकडं तांबेऱ्यानं सोयाबीन जात होतं तिथून. गावात मात्र त्याला कुणी संशोधन वगैरे म्हणत नाही, नुसतं ‘संगम’ म्हणतात. डाळिंबाचा ‘भगवा’, उसाचा पाडेगावातून प्रसारित झालेला ‘को 86032’, ही नावंही इथं अशीच घरच्यासारखी घेतली जातात. मोठ्या इमारती, पदवीदान समारंभ हे सगळं ठीक. विद्यापीठाची खरी ओळख मला या नावांत दिसते. सोयाबीनचं सरळ वाणाचं बी एकदा आणलं की दोन-तीन वर्षं घरचंच वापरता येतं, दरसाल दुकानाची पायरी चढावी लागत नाही. फक्त ते जपावं लागतं. याची साल नाजूक. मळणी यंत्र जोरात फिरलं किंवा पोत्यांची थप्पी उंच लागली की दाणा दिसायला धड आणि आतून गेलेला.

पहिली गुंडाळी सुटते. धड कोंब आलेले, वाकडे कोंब आलेले, कुजलेले, नुसतेच फुगलेले. आजी स्वतः मोजतात. मुलींवर त्यांचा भरवसा नाही, आणि ते योग्यच आहे. सहासष्ट. दुसरीत एकसष्ट, तिसरीत पासष्ट.

“सरासरी चौसष्ट,” कोल्हापूरची सांगते. “सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी तीस किलो बी. त्याच्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. म्हणजे आजी, तेहतीस किलो.”

“म्हंजे बी बाद नाही?”

“नाही. साठच्या खाली गेलं असतं तर बाद.”

आजींच्या कपाळावरची आठी सुटते. बियाण्याच्या पिशवीमागं लागणारा पैसा वाचला. मुलगी पुढं बोलतच राहते: आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम, सावलीत सुकवायचं, आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरायची नाही. यातलं शेवटचं वाक्य पारावर कुणालाच पटत नाही. आभाळ भरून आलंय आणि शेजारच्यानं काल पेरलंय. अशा वेळी मिलिमीटर कोण मोजतो?

पटका बांधलेले एक बाबा इतका वेळ गप्प आहेत. आता म्हणतात, “तुमचं विद्यापीठ उभं राहिलं ना, त्यात आमच्या पाहुण्यांच्या जमिनी गेल्या. पोरांच्या नोकऱ्यांसाठी अजून खेटे घालतेत ते.” मुली काही बोलत नाहीत. 1968 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ राहुरीच्या माळावर आलं, ते आसपासच्या गावांची शेतं घेऊन. प्रकल्पग्रस्तांचा तो प्रश्न या मुलींच्या जन्माआधीचा आहे. बाबांचा रोखही त्यांच्यावर नाही. लगेच पुढं विचारतात, “आन् पिकवायचं सांगता, ते भावाचं कोण सांगणार?”

नंदुरबारची मुलगी सरळ म्हणते, “बाबा, आमच्या घरी पण हेच विचारतात.”

याला उत्तर म्हणता येणार नाही, तरी बाबा तिला सरकून बसायला जागा करून देतात. डेअरीतून चहा येतो.

आजी गोणपाट झटकून घडी करतात. “बाजरीचं काय? तिला गोसावी रोग येतोय.”

“आधी अरगट, तो दुसरा रोग. त्याच्यासाठी मिठाच्या पाण्यात बी बुडवून बघू. वर तरंगेल ते काढून जाळायचं, तळाचं धुऊन सुकवायचं,” मुलगी म्हणते. “गोसावीला वेगळं औषध चोळावं लागतं. उद्या दोन्ही करून दाखवते. दहा लिटर पाणी आणि दोन किलो मीठ लागेल.”

“दोन किलो? मीठ विद्यापीठ देणार का मी?”

पार खदखदतो. मुली एकमेकींकडं बघतात. शेवटी सायकलवाला तरुण तोडगा काढतो: एक किलो आजींचं, एक किलो मुलींचं, आणि प्रात्यक्षिक पारावर नको, वस्तीवर करायचं.