भातामागचा वाल : किहीमच्या साध्या जेवणाचा मागोवा

भात कापून खळ्यावर गेलं की शेताचा वरचा थर सुकतो, तडकतो; पण खाली ओल टिकून असते. अलिबाग तालुक्यात त्या ओलीवर वाल पेरतात. पाटाचं पाणी नाही, मोट नाही. थंडीतलं दव आणि जमिनीत उरलेला पावसाळा यांवर वाल वाढतो. पौष-माघात शेंगा भरतात आणि उन्हं तापायच्या आत दाणे घरात येतात. कडक उन्हात वाळवून ठेवलेला हाच कडवा वाल पुढं वर्षभर चुलीवर चढतो. याच तालुक्यातल्या किहीमच्या साध्या जेवणाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात स्वयंपाकघरातून करून चालत नाही. या भातामागच्या पिकापासून करावी लागते. गेल्या सव्वाशे वर्षांत इथल्या ताटात जे टिकलं आणि जे गेलं, ते जमिनीनं ठरवलं.

या ताटाची एक जुनी लेखी खूण याच गावाचं नाव लावणाऱ्या माणसाकडून मिळते. हाईम सॅम्युएल केहिमकर हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. किहीमजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. केहिमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात या समाजाच्या सणांची घरगुती मराठी नावं नोंदलेली आहेत. नव्या धान्याची खीर करायची तो खिरीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक म्हणून कडक उपास करायचा आणि तो बिरड्यानं सोडायचा, तो बिरड्याचा सण. हजारो मैलांवरच्या मंदिराचं दुःख किहीमच्या परिसरात वालाच्या बिरड्याशी जोडलं गेलं, ही मला या किनाऱ्याच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. श्रावणाच्या आसपास शेजारच्या कायस्थाघरीही बिरडं शिजत असे, ब्राह्मणाघरी डाळिंब्यांची, म्हणजे सोललेल्या वालांची, उसळ होत असे. देव वेगळे, फोडणी थोडी वेगळी; वाल मात्र त्याच शेतातला.

बिरडं साधं म्हणतात, पण त्याला वेळ द्यावा लागतो. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. मग तेलात मोहरी, हिंग, हळद. कुणाकडे कांदा-लसूण, कुणाकडे नुसतं जिरं. दाणा बोटांनी दबेल इतकाच शिजवायचा, वरून आमसूल, गुळाचा खडा, ओलं खोबरं. वालाचा कडवटपणा पुरता घालवायचा नसतो; आंबट-गोडानं त्याला सांभाळून घ्यायचं असतं. या पदार्थाला लागणारं जवळजवळ सगळं घरच्या वाडीत, शेतात किंवा शेजाऱ्याकडे मिळत असे. बाजारातून यायचं ते हिंग, मोहरी आणि गूळ.

अष्टागरातलं किहीम हे वाडीचं गाव. नारळ-पोफळीच्या सावलीत अळू, केळी, सुरण, शेवगा, तोंडलीचा मांडव. अळूचं फदफदं, केळफुलाची भाजी, फणसाच्या कुयरीची भाजी, सुरणाचे काप हे सगळं त्या वाडीतलं. अळू आणि सुरण घशाला खवखवतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायचं, हे इथल्या बायकांनी रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या शेवळांचंही तसंच. ठाकर आणि कातकरी बायका डोंगरातून शेवळांच्या जुड्या आणतात, त्यासोबत काकडाची आंबट फळं देतात. ती घातल्याशिवाय शेवळं चढवायची नाहीत. पुढं टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कर्टोली. ज्या महिन्यांत वाडीतली भाजी कमी असते त्याच महिन्यांत डोंगर भाजी देतो. या भाज्या ओळखणारं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांना पंगतीत क्वचितच मान मिळाला, हेही या मागोव्यात नोंदलं पाहिजे.

वाडी आणि डोंगराइतकंच हे गाव भाताचंही होतं, याची एक साक्ष पक्ष्यांकडून मिळते. १९३० च्या पावसाळ्यात पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली किहीमला राहून सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचा अभ्यास करत होते. एक नर अनेक घरटी बांधतो आणि मादी पसंतीचं घरटं निवडते, हे त्यांनी इथं बारकाईनं टिपलं. सुगरणीला घरट्यासाठी हिरव्या पात्यांच्या लांब चिरोट्या लागतात, खायला दाणा लागतो. आसपास भात डोलत असलं की दोन्हींची सोय होते. ते किहीम भाताचं होतं.

पण ते भात कुणाचं, हा प्रश्न त्याच दशकात पेटला. किहीमहून फार लांब नसलेल्या चरीला १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. जमिनी पडीक राहिल्या, घरोघर हाल झाले, पण संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुळांच्या पाठीशी उभे राहिले, आणि या लढ्यातूनच १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघालं. पुढं १९४८ चा कूळ कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. स्वयंपाकाच्या इतिहासात हा लढा सहसा येत नाही. मला तो यायला हवा असं ठामपणे वाटतं. पिकाचा मोठा वाटा खोताकडे जात असताना घरात काय शिजणार हे गृहिणीच्या हातात नव्हतं. भात स्वतःचं झालं, मग त्यामागचा वालही निर्धास्तपणे स्वतःचा झाला.

त्यानंतरची दोन-तीन दशकं या ताटाला बरी गेली. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाची उसळ, सुक्या जवळ्यात घातलेलं वांगं आणि तोंडी लावायला अलिबागचा पांढरा कांदा. हा कांदाही भातामागचाच. तिखट कमी, गोडी जास्त. वेणीसारख्या गुंफलेल्या माळा करून रस्त्याकडेला विकतात. थंडीत शेतातच पोपटी लागे : मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ, ओवा; पाण्याचा थेंब नाही, तोंड पाल्यानं बंद, मडकं उपडं आणि भोवती जाळ.

१९८० च्या दशकात वारं फिरलं. शेजारी थळला खत कारखाना उभा राहिला, पगाराची नोकरी आली, शेतीतले हात कमी झाले. मुंबईकरांना किहीमचा किनारा जवळचा वाटू लागला आणि वाड्यांच्या जागी बंगले उभे राहू लागले. मांडव्याच्या बोटींनी अंतर आणखी कमी केलं. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट माणूस येऊ लागला. वाशीच्या घाऊक बाजारातली फ्लॉवर, सिमला मिरची बारा महिने मिळू लागली. यात वाईट काही नाही. गावातल्या बाईला रोज वाल सोलत बसायची सक्ती नको. पण बंगल्याच्या हिरवळीवर वाल पेरला जात नाही. एका गुंठ्यावर कुंपण पडलं की तिथलं भातही जातं आणि त्यामागचा वालही.

रो-रो सुरू झाली त्याच वर्षी, २०२० मध्ये, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळानं किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या. नारळाचं नवं रोप फळावर यायला पाच-सात वर्षं लागतात. ज्या घरी नारळ कधी विकत आणला नव्हता, तिथं तो मोजून वापरायची वेळ आली. वाडी गेली की फक्त उत्पन्न जात नाही, भाजीवर हात सैल सोडून खोबरं पेरायची सवय जाते.

दुसऱ्या बाजूला आशेची नोंदही करायला हवी. पांढऱ्या कांद्याच्या भौगोलिक मानांकनासाठी २०१९ मध्ये प्रस्ताव गेला आणि २०२१ मध्ये तो मान्य झाला. भातामागच्या एका पिकाला नाव मिळालं, भाव मिळाला, आणि तरुण शेतकऱ्यांना ती जमीन राखायला कारण मिळालं. वालाला तसा मान अजून मिळायचा आहे. पोपटी मात्र आता पाहुण्यांसाठी हौसेनं लावली जाते, आणि त्या निमित्तानं शेंगांना गिऱ्हाईक आहे.

सव्वाशे वर्षांचा हा प्रवास मला एकच गोष्ट शिकवतो. पाककृती लिहून ठेवल्यानं साधं जेवण टिकत नाही. केहिमकरांनी बिरड्याचा सण कागदावर नोंदला, पण बिरडं जिवंत राहिलं ते कुणीतरी दर वर्षी ओलीवर वाल पेरत गेलं म्हणून. किहीमला येणाऱ्याला या जेवणाची माया असेल तर त्यानं हंगामात इथल्या शेतकऱ्याकडून वर्षाचे वाल घ्यावेत, पांढऱ्या कांद्याची माळ घ्यावी, पावसाच्या तोंडावर ठाकरीण सांगेल त्या भावात शेवळं घ्यावीत आणि ती कशी शिजवायची हेही तिलाच विचारावं. आणि ज्यांच्याकडे अजून दोन-चार गुंठे भात आहे, त्यांनी कापणीनंतर ते रिकामं ठेवू नये. त्या मातीत अजून ओल आहे, आणि त्या ओलीवर वर्षभराची भाजी उभी राहते.