कपाटातील पेटी



उद्यमबागेच्या परिसरातील एका शाळेला काही वर्षांपूर्वी एका उदार गृहस्थांनी बाजाची पेटी भेट दिली. पेटीला हार घालण्यात आला, छायाचित्र निघाले, आभाराचे भाषणही झाले. परवा काही कामानिमित्त त्या शाळेत गेलो, तेव्हा तीच पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेली दिसली. कापड सोडून पाहतो, तो भाता उंदरांनी कुरतडलेला! "फादर, वाजवणारं कोणीच नाही," शिपाईमामा म्हणाले. भिंतीवरील वेळापत्रकात शुक्रवारच्या शेवटच्या तासापुढे 'संगीत व चित्रकला' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. त्या तासाला गणिताची उजळणी होते, असे सातवीतील एका मुलीने मला सांगितले.

गणिताच्या मास्तरांना मी दोष देत नाही. रिकामा तास त्यांनी सत्कारणीच लावला. परंतु तो तास रिकामा का राहिला, याचा विचार आपण केला पाहिजे. पेटी एकदा विकत घेतली की संपले. शिकवणाऱ्या माणसाला मात्र दरमहा वेतन द्यावे लागते. वस्तूवर दात्याचे नाव कोरता येते, वेतनावर ते कोरता येत नाही. म्हणूनच आपल्या शाळांतून वस्तू साचतात आणि विद्या साचत नाही.

कोणी म्हणेल, ज्यांना हौस आहे त्यांनी शाळा सुटल्यावर शिकवणी लावावी. सुखवस्तू घरची मुले लावतातही. पण फौंड्रीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराची मुलगी शाळा सुटल्यावर पाणी भरते, धाकट्या भावंडाला सांभाळते. तिच्या वाट्याला जे यायचे, ते शाळेच्या दोन घंटांच्या मधल्या वेळातच यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे: "गरिबाच्या पोराचे पोट चित्रे काढून भरते काय?" हा प्रश्न उद्यमबागेत विचारला जावा, याचे मला नवल वाटते. येथे लोखंडाचे ओतकाम होते ते कशाच्या आधारावर? आधी कागदावर आकृती निघते. आकृतीवरून पॅटर्न तयार होतो. पॅटर्नभोवती वाळू ठासून साचा बनतो आणि मग त्यात वितळलेला रस ओततात. धातू थंड होताना आकसतो, हे जाणून कारागीर पॅटर्न किंचित मोठा ठेवतो. वस्तू घडण्यापूर्वीच ती डोळ्यांपुढे उभी करणारी ही दृष्टी चित्रकलेच्या तासालाच तयार होते. अर्थात, माणूस केवळ पोटासाठी जगत नाही, हेही आपण विसरू नये. ज्याला सुराचा आनंद कळला, त्याचे दारिद्र्य संपत नसले तरी त्याचे जगणे कोरडे राहत नाही.

शिकवणारा माणूस लाभला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आपल्या बेळगावातच आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी येथे राहून मुलांना हाती धरून चित्रकला शिकविली. पुढे बोधचित्रकार म्हणून कीर्ती मिळविलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) हे बेळगावचेच, आणि कुलकर्णी मास्तरांचे विद्यार्थी.

संगीताचे उदाहरण शेजारच्या गोव्यात सापडते. १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला. त्यापूर्वीपासून आपले नाते गोव्याशीच होते. तेथील चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या धर्मग्राम-शाळांत खेड्यातील मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन विनामूल्य शिकवीत. शिकवणारा 'मेस्त' नेमलेला असे. मुलाच्या बापाला फी पडत नसे. अशाच संगीतमय खेड्यांपैकी माजोर्डा येथे १९२७ साली अँथनी गोन्साल्विस जन्मले. त्यांचे वडील तेथील चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अँथनी नामवंत व्हायोलिनवादक झाले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात प्यारेलालजींनी गुरूचे नावच गाण्यात गुंफले. अँथनींच्या ठायी असामान्य गुण होते, हे खरेच; परंतु त्या गुणांना सुराची ओळख करून देणारे कोणी तरी गावातच होते, हे विसरता कामा नये.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तरच. लहान शाळा येथेच वगळली जाते. कर्नाटकात 'प्रतिभा कारंजी' या स्पर्धा होतात. केंद्र सरकारचा 'कला उत्सव' २०१५ पासून भरतो. ही व्यासपीठे चांगलीच आहेत. पण स्पर्धेत उतरते ते आधी शिकलेले मूल. न शिकलेले मूल टाळ्या वाजवायला बसते.

मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले आहे, आणि शिक्षण व कला दोन्ही त्या यादीत आहेत. ते बंधन पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असलेल्यांना आहे. आपल्याकडील लहान वर्कशॉपांना ते लागू होत नाही. पण कायदा मागत नाही म्हणून माणुसकीने देऊ नये, असे थोडेच आहे?

माझी सूचना साधी आहे. दहा वर्कशॉपांनी दरमहा प्रत्येकी एक हजार रुपये बाजूला काढले, तर महिन्याला दहा हजार रुपये जमतात. एवढ्यात एक अंशकालीन शिक्षक जवळच्या दोन-तीन लहान शाळांत आठवड्याचे काही तास घेऊ शकेल. देणाऱ्यांनी निदान तीन वर्षांचा शब्द द्यावा. एका वर्षात पेटीवरची बोटेसुद्धा नीट बसत नाहीत. शाळेनेही शब्द द्यावा, की तो तास दुसऱ्या कोणत्याही विषयाला दिला जाणार नाही. आणि पालकांनो, मुलाने घरी येऊन काढलेले चित्र दाखविले, तर "अभ्यास कर" म्हणण्याआधी ते एकवार नीट पाहा.

त्या पेटीचा भाता दुरुस्त करून देण्याचे मी शाळेला कबूल केले आहे. ते काम सोपे आहे. त्यासाठी कारागीर मिळेल. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ती पेटी उघडून मुलींसमोर बसणारा माणूस मात्र आपणा सर्वांना मिळून आणावा लागेल.